वेगळी बरणी

विश्रामबागेतल्या या घरात
सूर्यास्तानंतर फक्त तोच जेवतो.
आमची ताटं साडेसहालाच पालथी पडलेली असतात,
आणि सम्यक काचेच्या पेटीवरची जाळी
बोटभर सरकवतो.

झाडबेडूक. लिंबाएवढा.
कढीपत्त्याच्या कुंडीतून आला,
नर्सरीवाल्याने हिशेबात धरला नाही.
बोटांच्या टोकांना टिकल्या.
दिवसभर काचेला चिकटून, वाळल्या चुन्यासारखा,
आणि रात्री डोळे उघडले की
आमच्या घराचा सगळा धर्म मोडतो.

किडे आम्ही आणत नाही. ते दिव्यावर येतात,
जाळीतून आत पडतात, तो खातो.
"आपण काही देत नाही," सम्यकचे बाबा म्हणाले,
"आपण फक्त दिवा लावतो."
हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या माणसाला
असे हिशेब जमतात.

आता म्हणे त्याला सोबत हवी.
सम्यकने वहीचं पान उभं दुमडलं,
डावीकडे नावं, उजवीकडे कारणं.

भेक: नाही. अंगावर विष, आणि पाणी दोघांना एकच.
पाल: नाही. तिला कोरडं लागतं, याला ओलं.
एकाला बरं वाटलं की दुसऱ्याला खोकला.
(पालीला खोकला येतो का, मी विचारलं.
पेन्सिल थांबली नाही.)
गप्पी मासे: खोल पाणी लागेल, हा बुडेल.
लहान झाडबेडूक: नाही नाही नाही.
तिसरं नाही खोडरबराने पुसलं, तरी दिसतंच.

"नियम सोपा आहे," तो पेटीला म्हणाला, मला नाही.
"याच्या तोंडात मावेल तो चालत नाही.
ज्याच्या तोंडात हा मावेल तोही नाही.
मधलं कोणीतरी बघायचं."

मी या घरात वैशाखात आले.
वाळव्याहून दोन बॅगा आणि माझा पोळपाट.
इथे एक पोळपाट आधीच होता, तिचा.
तो मी माळ्यावर टाकला नाही,
त्यावर लाटलंही नाही.
सम्यक मला अहो म्हणतो.
अहो, डबा झाला का. अहो, सही करा.
शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, स्वच्छ.

शेवटी ठरलं. याच्याच मापाचा दुसरा,
कुपवाडच्या मित्राच्या न्हाणीघरातला,
आणि शेवाळ खायला दोन गोगलगायी.
झाकणाला भोकं पाडलेला डबा आला.
मी जाळी उचलायला गेले
तर त्याने माझं मनगट धरलं. ओली, गार बोटं.
"लगेच नाही. नव्याला महिनाभर वेगळं ठेवायचं असतं.
त्याच्यासोबत काय आलंय आपल्याला माहीत नसतं.
त्यालाही नसतं."

लोणच्याची बरणी रिकामी होती.
साबण लावायचा नाही, असं बजावलं होतं,
म्हणून नुसत्या पाण्याने घासली. हिंग जाईना.
पाचव्यांदा वास घेतला तेव्हा
आपण हे कोणासाठी करतोय ते विसरले होते.

पेटीशेजारी बरणी. मध्ये
पोस्टकार्ड जाईल एवढी फट.
पहिले आठ दिवस दोघे पाठ करून.
नवव्या रात्री पेटीतला बोलला,
लाकडावर बोटाने वाजवावं तसं. टक. टक टक.
बरणीतला गप्प.
मी स्वयंपाकघरातला दिवा घालवून
ओट्याला टेकून उभी राहिले, बराच वेळ.
बाबा घोरत होते. सम्यकच्या खोलीतून
कूस बदलल्याचा आवाज आला, म्हणजे तोही जागाच.
सकाळी आम्ही दोघांनी ते काढलं नाही.

"नाही जुळलं तर?" मी एकदा विचारलं.
"तर परत बरणी."
मग जरा थांबून, "टाकून नाही द्यायचं."

काल महिना भरला. त्याने जाळी काढली,
मी बरणी आडवी धरली, तोंड पेटीकडे.
नवा निघेचना. पाच मिनिटं, दहा.
माझ्या हाताला मुंग्या आल्या.
"घाई करू नकोस," सम्यक म्हणाला.

बेडकाला म्हणाला की मला,
विचारलं नाही.
बरणी तशीच धरून बसले.